काजळीवरची रेघ

मला विमान चालवता येत नव्हतं. टाइपरायटर चालवता येत होता, आणि तेवढ्या भांडवलावर मी बारा वर्षं ग्लायडिंगचा परदेशी पत्रव्यवहार सांभाळला. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान, तापलेल्या हवेवर घारीसारखं तरंगणारं. मुंबईत नोकरीला असताना हौसेनं एकदा त्यात बसलो आणि कायमचा फसलो. उडवणारी मंडळी घाटावर, मी खाली चौलला इंग्रजीचा मास्तर. बाहेरच्या पत्रांना उत्तरं द्यायचा सगळ्यांनाच कंटाळा, म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात आलं.

फ्रान्स, पोलंड, इंग्लंड, कुठं म्हणून लिहिलं नाही! आमच्याकडेही माणसं उडतात, त्यांना स्पर्धेला बोलवा, हेच पुन्हा पुन्हा. तीन महिन्यांनी उत्तर यायचं आणि त्यात नवा फॉर्म असायचा. तो भरावा तर दिल्लीहून विचारणा, हा खेळ की वाहतूक? शाळेतून आलो की ओटीवर टाइपरायटर बडवत बसायचो. खरं सांगतो, शेवटी शेवटी मला आभाळाचाच वीट आला होता.

मग एकदाचं बोलावणं आलं. युरोपातल्या मोठ्या स्पर्धेत आमच्या एका वैमानिकाला जागा. अट एकच: घाटावरून सुटून, मध्ये कुठंही न टेकता, पन्नास किलोमीटरच्या पलीकडे उतरल्याचा पुरावा महिनाअखेर पोचला पाहिजे. आमचा वैमानिक कारखान्यात फिटर, तिशी उलटलेला. म्हणायचा, मास्तर, यंदा गेलो तर गेलो, नाहीतर आहेच मग संसार आणि पाळ्या.

उतरायला मी रेवदंड्याची पुळण ठरवली. आमच्याकडे भरतीचा हिशेब सोपा, तिथीची पाऊणपट करायची. द्वादशीला भरती नऊला, म्हणजे दुपारी तीनला पुरी ओहोटी, वाळू टणक. अडीचच्या सुमारास तो सुरूंच्या शेंड्यांवरून आवाज न करता आला आणि अलगद टेकला. कोळ्यांनी होडी ओढावी तसं विमान वर ओढलं. म्हाताऱ्या तांडेलानं पोटाखाली वाकून इंजिन शोधलं, न्हाय म्हणाला, आणि साक्षीदार म्हणून कागदावर अंगठा दिला. मी रडलो. लाज कसली त्यात?

विमानात एक सीलबंद पेटी असायची. आत काजळी धरलेला पातळ पत्रा हळूहळू फिरायचा आणि सुई त्या काजळीवर उंचीची रेघ ओढत जायची. माणूस मध्येच कुठं उतरला तर रेघ तळाला येणार, म्हणून ती रेघ हाच पुरावा. सील फोडायचा अधिकार निरीक्षक म्हणून माझा होता. घरी आणून फोडलं. रेघ कशी सुरेख, मध्ये कुठंही तळाला गेलेली नाही! तिच्यावर लाखेचं पॉलिश मारलं की काजळी पक्की होते. पॉलिश सुताराकडे होतं. पत्रा मी सांभाळून कोनाड्यात ठेवला, कंदिलाच्या काचांशेजारी, आणि मी नि वैमानिक दोघं सुताराकडे गेलो.

परतलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. गावात वीज नव्हती. घरोघर बायका तिन्हीसांजेला काचा पुसायच्या, राख आणि फडकं घेऊन. आमच्या हिनंही तिन्ही काचा पुसल्या होत्या. आणि पत्राही पुसला होता. काचांच्या रांगेत चकचकीत उभा करून ठेवला होता.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. ती फडकं हातात तसंच धरून उभी.

"काळं झालं होतं, म्हणून पुसलं," एवढंच म्हणाली.

पुन्हा उडायचं तर सोयीची ओहोटी पंधरवड्यानं, आणि तोवर मुदत टळणार. मला दुर्बुद्धी झाली. पत्रा कंदिलाच्या धुरावर धरून काळा केला आणि वैमानिकापुढं ठेवला. म्हटलं, रेघ तुझ्या डोळ्यांपुढं आहे, ओढ, सही मी करतो. त्यानं पत्रा माझ्याकडे परत सरकवला.

"ती मी वर काढली होती, मास्तर. ओटीवर बसून नाही काढायची."

मग वळून हिला म्हणाला, "वहिनी, चहा टाका. कंदील मात्र लख्ख झालेत."

मी खरं ते कळवलं. या खेपेला उत्तर लवकर आलं. मोठ्या सभ्यपणे लिहिलं होतं, जागा दुसऱ्या देशाला दिली आहे. वर्षभरात त्यानं उडणं सोडलं, मी पत्रव्यवहार सोडला. त्याच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघाला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. बारा वर्षं मी पोलंडमधल्या माणसाला समजावत बसलो, पण ती काजळी कसली, हे घरात सांगायला मला एक मिनिट मिळालं नव्हतं. हिला वाटायचं, मी सरकारी अर्ज लिहितो. कसला मी मास्तर!

आता वीज आली, कंदील माळ्यावर गेले. पण ही अजून माझं टेबल पुसायला येते तेव्हा फडकं हातात धरून थांबते. नुसती धूळ असली तरी विचारते, "हे पुसू ना?" आणि मी पूस म्हणेपर्यंत हात लावत नाही.