मळीच्या पाण्याचे खड्डे

ओढ्याच्या वरच्या अंगाला साखर कारखान्याने डिस्टिलरी काढली. मळीपासून स्पिरीट गाळायचे, पिपे भरून बाहेरगावी पाठवायची आणि मागे उरलेले तांबडे, कढत पाणी ओढ्यात सोडायचे, असा त्यांचा रोजचा क्रम. दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीचे पाणी चहासारखे झाले. बैल तोंड लावीनात. मी विधवा, जमीन तीन एकर, आणि सगळी भिस्त त्या विहिरीवर.

पंचायतीत तक्रार केली. गावातल्या निम्म्या घरांतले कोणी ना कोणी कारखान्यात कामाला, तेव्हा माझ्या बाजूने कोण बोलणार? मग मी डिस्टिलरीच्या केमिस्टना गाठले आणि सांगितले, माझा अर्धा एकर घ्या, तिथे खड्डे काढून या पाण्याचे खत करू, पण ओढा सोडा. विहिरीपर्यंत पाण्याच्या टँकरचा ट्रॅक्टर येतो, खड्डे तिथेच काढू, असे ते म्हणाले. मी साफ नाही म्हटले. उताराला विहिरीपासून लांब खड्डे घेतले, तळ चिकणमातीने चोपून घेतला. उसाचे पाचट, शेण, राख यांचे थर, त्यावर ते पाणी. तेही निवलेले आणि बेताने.

ओढ्यापेक्षा बरे म्हणून बायका धुण्याला अजून माझ्याच विहिरीवर येत. थोरली जाऊ धुणे घेऊन आली होती. वास आला तशी बांधावर येऊन उभी राहिली.

"दारूचं गटार दारात आणायचं तेवढं राहिलं हुतं तुझं."

"आक्का, गटार ओढ्यात हुतं तवा तुमी गप बसला."

ती धुणे तसेच उचलून गेली आणि पुन्हा आली नाही. हळूहळू बाकीच्या बायकाही यायच्या थांबल्या. दारूच्या घाणीला हात लावायला रोजाने बाई मिळेना, म्हणून थर मीच उलटत होते. बैलांखेरीज कोणाशी बोलले नाही, असे कितीतरी दिवस गेले. त्याचे रडगाणे गायला सवड नव्हती. थर वेळेवर उलटला नाही तर आतून तापतो.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी निवळले. तांब्याभर पिऊन पाहिले, दोन दिवस वाट पाहिली, मग जावेला निरोप धाडला. तिचा उलट निरोप आला: गावात आता कारखान्याचा नळ आलाय, एवढ्या लांब कोण येतंय.

खरेच होते. मी खड्ड्यांतले खत पसरून बैलांसाठी कडवळ पेरले. विहिरीवरच्या तीन रहाटांपैकी दोन उतरवले आणि तेल लावून माळ्यावर टाकले. एकटीला एक पुरतो.