उजवा कौल आणि मास्तरांचा प्रबंध

मालवणच्या शाळेत इतिहास शिकवणारे गुरुदास मास्तर नऊ वर्षं एकाच प्रश्नामागे होते. आफ्रिकेतून गलबतांवर कोणी गुलाम म्हणून, कोणी खलाशी म्हणून आपल्या किनाऱ्याला लागले, ते हबशी गेले कुठे? मास्तर म्हणायचे, कुठेच गेले नाहीत, आपल्यातच मुरले. चोपन्न सालापासून एक सुट्टी त्यांनी घरी काढली नाही. कारवारकडच्या रानात सिद्दींच्या वस्तीवर राहिले, त्यांचे ढोल ऐकले, स्वाहिलीचा कोश मागवून पाढ्यांसारखा घोकला. बायको माहेरी गेली ती परत आली नाही, तेव्हा मास्तर कोशाचं पान उलटत होते. पुढचंही उलटलं.

शेवटी हवं ते सापडलं मिठबावात. हौसाबाई नावाची म्हातारी शेजारणीचं पोर झुलवत एक अंगाई म्हणत होती. शब्द तिलाही कळत नव्हते, मास्तरांना कळले. नीज बाळा, बाप दर्यावर आहे. पुढे तिच्याकडूनच कळलं, तिचा खापरपणजा झांजिबारच्या बाजूचा. इथल्या बाईशी लगीन लावून इथलाच झाला.

मुंबईचे प्राध्यापक खूश झाले. म्हणाले, या गाण्यावर तुमचा प्रबंध उभा आहे. मात्र गाणारीचं नाव, गाव, घराणं छापलं पाहिजे. नाहीतर ती ऐकीव गोष्ट, पदवी विसरा.

आता बघा, नेमकी त्याच महिन्यात हौसाबाईची नात विमला हिची मसुरे गावच्या एका घरात सोयरीक ठरत होती. घराण्यात हबशी निघाला, असं छापून आलं की ते लोक मागे फिरणार.

"काय वो मास्तरानू," म्हातारी कडाडली, "गाणा माझ्या आजयेचा, पदवी तुमका, आणि लगीन मोडतला माझ्या चेडवाचा? बरो न्याय!"

मग म्हातारीच म्हणाली, "माझा ऐकू नको, तुमचा ऐकू नको. देवाक इचारूया."

असं म्हटल्यावर आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. सोमवारी दोघं देवळात गेली, मागोमाग विमलाही. महादू गुरवाने पाषाणावर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. महादूने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या मास्तरान म्हातारेचा घराणा छापूचा असात तर उजवी दी!"

"व्हय म्हाराजा!" म्हातारी म्हणाली. मास्तरांच्याही तोंडून निघालं.

पाकळी पडली. उजवी.

हौसाबाईने पदराने डोळे टिपले आणि हात जोडले. "छापा. देवाच्या म्होरां माझा काय चलता?" विमला खांबाला टेकून उभी होती. ती खाली बसली. पायरीवरची चपलांची जोडी नीट लावत राहिली, लावलेलीच पुन्हा लावत राहिली.

मास्तर घरी आले. प्रबंधाचं ते प्रकरण काढलं, नाव खोडलं, गाव खोडलं, मग गाणंच खोडलं. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय आपला राहत नाही, तसं सगळंच झालं होतं. प्रबंध पाठवला. तीन महिन्यांनी परत आला, पुरावा अपुरा.

लग्न झालं. मास्तरांना आमंत्रण होतं, पण पंगतीत शेजारी कोणी बसेना. कारण विचाराल तर महादूने मास्तरांकडूनच ऐकून गावभर सांगितलं होतं, मास्तराने उजवा कौल मोडला. देवाने दिलेलं घेतलं नाही. चेडवाचं लगीन राखलं, हे कोणी मोजेना. सोयरीक देवानेच सांभाळली असती, असं सगळ्यांचं मत.

शेवटी हौसाबाई स्वतः वाढायला आली. रागाने भाताची मूद आपटली.

"देवापेक्षा शाणे झालात! आता माझ्याकडे गाणा मागूक येव नकात. मेल्यावर सुद्धा नाय!"

"नाही येत," मास्तर म्हणाले.

"वायट वाटता?"

मास्तरांनी खरोखर आत डोकावून पाहिलं. काही सापडलं नाही.

"नाही वाटत," ते म्हणाले, "सोलकढी असली तर वाढा."

म्हातारीने वाटी काठोकाठ भरली आणि पंगतीतली रिकामी जागा बघून, वाढणं टाकून, त्यांच्या शेजारी पान मांडून बसली.