उलट्या वायरीचे स्पीकर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाप्पा, कारण पुढे माझी काय फजिती झाली ते सांगताना मलाच धड सांगता येत नाही. माणसानं स्वतःच्या हातानं स्पीकर बनवावेत का? खुशाल बनवावेत. पण ते सासुरवाडीत नेऊन लावावेत का?

मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. म्हणजे दिवसभर लोकांना 'आवाज करू नका' असं सांगायचा पगार घेतो. अशा माणसाला मोबाइलवर स्पीकर बनवायचे व्हिडिओ पाहायचा नाद लागला! त्यात एक पोरगा प्लायवूडचा डबा ठोकतो, त्याला गोल भोक पाडतो, आत स्पीकर बसवतो की झाली मैफल सुरू. मला वाटलं, यात कठीण ते काय?

दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "किती ओमचे देऊ?"

आता ओम म्हटल्यावर मला देवघरच आठवणार ना! म्हटलं, "तुमच्याकडं जे चांगले असतील ते द्या."

किचनच्या ट्रॉल्यांचं उरलेलं प्लायवूड घरात होतंच. मी दोन डबे कापले. एक थोडा उंच झाला, एक थोडा बुटका. आमच्या वैशालीनं, म्हणजे बायकोनं, पाहिलं. "अहो, हे जोडी हाय की बापलेक?"

व्हिडिओत म्हणाले होते, आत कापूस भरा. कापसाला आपल्याकडं काय तोटा! दर्यापूरच्या चुलतभावानं पिशवी भरून पाठवला, सरकीसकट. तो तसाच भरला, तर डबा हलवला की खुळखुळा! मग अख्खं घर रविवारी सरकी काढत बसलं.

शेवटी वायरी. लाल प्लसला, काळी मायनसला. पहिला डबा बिनचूक जोडला. दुसऱ्याच्या वेळी लाल वायर संपली. मग दोन्ही काळ्याच लावल्या. वीज काय रंग पाहून चालते?

एकेका डब्याला कान लावून पाहिलं. काय गोड आवाज! म्हटलं, जमलं.

तेवढ्यात अकोल्याहून निरोप आला. सासरेबुवांची पंच्याहत्तरी करायची होती. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या, तेव्हापासून बाबा बोलायचेच बंद झाले होते. ताटात पडेल ते खायचे, खुर्चीत बसून राहायचे. वैशालीच्या मोबाइलमध्ये मात्र आईनं पाठवलेले बोलके मेसेज होते.

ती म्हणाली, "फोनवर आईचा आवाज लय बारीक येते. बाबाले कानानं कमी ऐकू येते. तुमच्या डब्यांवर लावू ना!"

माझी छाती अशी फुगली! पहिल्यांदाच कोणी माझ्या डब्यांकडं आशेनं पाहिलं होतं.

अकोल्यात हॉलमध्ये टीव्हीच्या दोन बाजूंना दोन डबे मांडले, मधोमध समोर बाबांची खुर्ची. माझा मेहुणा संजय म्हणाला, "भाऊजी, हे मधमाशा पाळायचे हाय काय जी?" मी दुर्लक्ष केलं.

आधी एक गाणं लावलं. आणि माझं डोकंच चालेना! ढोलकी गायब. गाणारा जणू शेजारच्या घरात बसून गात होता. डाव्या डब्याजवळ गेलो, ठीक. उजव्याजवळ गेलो, ठीक. मधे आलो की माणूस हरवला! मी हॉलभर कान पुढं करून फिरू लागलो. पाहुणे माझ्याकडंच पाहायला लागले.

"भाऊजी, काई सांडलं काय?" संजयनं विचारलं.

सांडलं होतं खरं. पण काय, तेच कळेना.

तेवढ्यात वैशालीनं आईचा मेसेज लावला.

"वैशू, लोनच्यात मीठ पाहून टाकजो बरं…"

आवाज ना डाव्या डब्यातून आला, ना उजव्या! तो आला माझ्या मानेमागून. मी मागं पाहिलं, तर सासूबाईंची धाकटी बहीण, शांतामावशी, तीही मागंच पाहत होती.

"अवो माय! अक्का मांगं उभी हाय!"

संजय स्वयंपाकघरात डोकावून आला. एक पाहुणा छताकडं पाहत हात जोडून बसला. आवाज कुठूनच येत नव्हता आणि सगळीकडून येत होता.

आणि मग सासूबाई मेसेजमध्ये मधेच ओरडल्या, "अवो, तो पंखा बंद करा ना! मी पोरीसंग बोलून राहिली!"

बाबा उठले. भिंतीपाशी गेले. पंखा बंद केला आणि गपचूप खुर्चीत येऊन बसले.

अकोल्याचा मे महिना, हॉलमध्ये पाहुणे खचाखच. पण पंखा परत लावायची एकाची हिंमत झाली नाही!

मी घाम पुसत डब्यांच्या मागं शिरलो. दोन काळ्या वायरी दिसल्या आणि डोक्यात उजेड पडला. एका डब्याची प्लस-मायनस उलट झाली होती. एक स्पीकर हवा पुढं ढकलत होता तेव्हा दुसरा मागं ओढत होता. मग आवाज मधे थांबणार कसा? मी पटकन वायर बदलली आणि मेसेज पुन्हा लावायला सांगितला. आता आवाज भरदार, स्वच्छ, बरोबर दोन डब्यांच्या मधून!

मी ऐटीत म्हणालो, "ऐका आता बाबा!"

बाबांनी ऐकलं. मग कित्येक महिन्यांत बोलले नसतील एवढं बोलले. "जवाईबापू, हे काय केलं तुमी? मघाशी ती घरात होती. आता टीव्हीपाशी उभी केली तिले. पयल्यासारखं करून द्या."

"बाबा, पण ते चुकीचं होतं…"

"चुकीचंच करून द्या."

काय करता! पुन्हा उलटं जोडलं. मेसेज सुरू व्हायच्या आधी बाबा स्वतः उठले, पंखा मुद्दाम लावला आणि वाट पाहत बसले. सासूबाई रागावल्या, तसा उठून बंद केला. आणि हसले! वैशाली पदरानं डोळे पुसत होती, आणि आपण काय शोध लावला हे मला अजून कळत नव्हतं.

संजयनं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, "आमच्या भाऊजीनं मुद्दाम तसं जोडलं. लय डोकं लागते याले!"

मीही मान डोलावली. नाही कशाला म्हणायचं?

शांतामावशी म्हणाली, "मलेबी असेच घरभर फिरनारे करून दे. भजनं ऐकाले. आमच्या मालकायचा आवाज मात्र नको टाकू बाप्पा, घरभर फिरतील!"

आता मी तज्ज्ञ! अमरावतीला येऊन नवी जोडी केली. या वेळी सगळं विचारपूर्वक, काही म्हणता काही चुकायला नको. दोन्ही डब्यांच्या वायरी लक्ष देऊन उलट्या जोडल्या आणि शेंदूरजनाघाटला मावशीच्या घरी डबे नेऊन लावले.

मावशी मधोमध बसली. डोळे मिटले. भजन सुरू झालं… ढोलकी भरदार, आवाज स्वच्छ, बरोबर दोन डब्यांच्या मधून.

अहो, उलटी एकाच डब्याची करायची असते! दोन्ही उलट्या केल्या की दोन्ही पुन्हा एकत्रच ढकलतात, म्हणजे सगळं सुलटंच होतं!

मावशीनं एक डोळा उघडला. "काहून रे बाप्पा, तुले धड चुकताबी येत नाही काय?"