खिडकीवरचा पत्रा

अमेरिकेतून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या घराजवळच गोळीबार झाला होता.

"आई, इथं लोक किराणा घ्यायलेही कमरेला पिस्तूल लावून येते. बंदुका कमी असलेलं दुसरं राज्य पाहून राहिलो आम्ही."

माझं डोकंच फिरलं. "राज्य कायले शोधून राहिली? पांढुर्ण्याले ये! इथं कोणी कोणावर गोळ्या झाडत नाही."

"मागं कायची ठोकाठोक चालू आहे?"

दुसऱ्या दिवशी गोटमार होती. नदीच्या दोन्ही काठांवरून माणसं एकमेकांवर दगड भिरकावतात, म्हणून तिचे बाबा दरवर्षीसारखा खिडकीवर पत्रा ठोकत होते.

"पत्रा," मी म्हणाले.

लेकीनं नुसते कपाळावरचे केस मागे सारले. शाळेत असताना पडलेल्या टाक्यांची खूण अजून तशीच होती.