गोळ्यांची बेगमी

सोनामावशीच्या घरात काही म्हणजे काही वाया जात नसे, आणि मला त्याचा थोडा रागच यायचा. काटकसर करावी माणसानं, पण किती! बचत गटाच्या कामानं मी भिसेगावला तिच्याकडे जायचे, तेव्हा तांदळाचं धुवण परसातल्या वेलाला घातलेलं असायचं आणि साबणाची झिजलेली चिपटी नव्या वडीला चिकटवलेली असायची. गॅस फक्त भाजी-भातापुरता, आंघोळीचं पाणी चुलीवर. चहा मात्र ती सढळ हातानं पाजायची, तेवढ्यावर मी तिला बाकीचं माफ करायचे.

मे महिन्यात तिची वर्षाची बेगमी चाले. सुकट, मीठ, मिरच्या, आमसुलं, सगळं बरण्यांत भरून चुलीवरच्या माळ्यावर. "पावसात भाव चढतो नि वस्तू सर्दते. चुलीच्या उबेला काय बी सर्दत नाय," असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं. तिच्या मिरच्या दिवाळीपर्यंत कडकडीत राहायच्या.

यंदा होळीच्या आसपास तिच्या नवऱ्याला, येसाजीकाकांना, हृदयविकाराचा झटका आला. थोडक्यात वाचले. रक्त पातळ राहायची गोळी एक दिवसही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलगा राजेश खालापूरकडे एका कारखान्यात कंत्राटावर. औषधाचे पैसे मी देतो म्हणाला. मावशीनं साफ नाही सांगितलं. "त्याच्या पोरांच्या तोंडचा घास काडू व्हय? यांना मीच जगवीन," ती मला म्हणाली. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि तिनं गोळ्यांचीही बेगमी केली. एकदम सहा महिन्यांच्या घेतल्या तर दुकानदार सूट देत होता. घरी आणून तिनं एकेक गोळी पाकिटातून काढली, कारण पाकिटं उंदीर कुरतडतात. स्वच्छ धुऊन वाळवलेल्या बरणीत भरली आणि बरणी आमसुलांशेजारी माळ्यावर ठेवली. रोज रात्री जेवण झालं की स्वतःच्या हातानं काकांना द्यायची. एकादशीलासुद्धा चुकवली नाही.

मृगाच्या आधी गटाच्या सभेत मी तिला मुद्दाम बोलायला उभं केलं. घरखर्च कसा वाचवायचा ते सांग म्हटलं. तिनं धुवण सांगितलं, साबण सांगितला आणि शेवटी गोळ्यांची बरणी सांगितली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी मी वाजवल्या, गटाची सचिव ना मी!

श्रावणात काकांना पुन्हा झटका आला. राजेश पाळीवर होता, म्हणून काकांना हॉस्पिटलात न्यायला मावशीबरोबर मीच टेंपोत बसले. डॉक्टर औषधं विचारतील म्हणून तिनं बरणीच पदराखाली धरून आणली होती. तिथल्या तरुण डॉक्टरनं झाकण उघडलं, वास घेतला आणि मला बाहेर बोलावलं. "या गोळ्या पाकिटातून काढून उष्ण, दमट जागी ठेवल्या की बिघडतात. असा आंबट वास येतो. यांच्यात किती दम उरला होता, कोण सांगणार?" मावशीला तो वास माहीत होता. शेजारच्या आमसुलांचा लागला असेल, असं ती समजत होती.

तिसऱ्या दिवशी काका गेले.

मी राजेशला सांगितलं. तो भिंतीला टेकला आणि म्हणाला, "आईला नका सांगू, वहिनी. ती मरंल." मी गप्प बसले. बारावं झालं, दसरा झाला. ती सगळ्यांना सांगायची, "एक दिवस चुकवली नाय मी गोळी. त्यांची येळच आली व्हती." मी मान हलवायचे. तिचा चहा प्यायचे.

काका गेल्यानंतर ती पहिल्यांदाच सभेला आली, ती दसऱ्यानंतरच्या. दहिवलीची भागी तिच्याजवळ सरकून बसली आणि कौतुकानं म्हणाली, "मावशी, तुमी सांगितल्यापासनं मी बी आमच्या मालकांच्या गोळ्या बरणीतच ठेवते बघा. त्यांना बी तुमच्या काकांवानीच हार्टचा तरास. चुलीवरच हाय फळी."

मावशी ऐकत होती. भागीला बाजूला नेऊन सांगता आलं असतं, असं आता वाटतं. तेव्हा नाही सुचलं. आणखी कितीजणींनी बरण्या भरल्यात, हेही मला माहीत नव्हतं. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पाकिटातून काढायच्या नाहीत, चुलीजवळ ठेवायच्या नाहीत, बिघडतात. डॉक्टरांनी सांगितलंय.

"कुठल्या डॉक्टरनं?" मावशीनं विचारलं.

सांगायची गरजच नव्हती. तिचा चेहरा बघवत नव्हता. ती रडेल, मला शिव्या घालेल म्हणून मी वाट पाहत राहिले, आणि तिनं तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"तुला हॉस्पिटलातच कळलं व्हतं," ती म्हणाली.

"हो, मावशी. तुम्हाला सोसणार नाही म्हणून..."

तिनं भागीचा हात धरला आणि तिला उठवलं. दोघी दारापर्यंत गेल्या, तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं गं. हिला का नाय सांगितलंस? तुला कळल्यापासनं दोन महिनं हिचा नवरा तसल्याच गोळ्या खातोय."