कडेगावच्या पाण्यात टिकणारे मासे

कोयनानगरच्या वसाहतीत आमच्याकडे एक काचपेटी होती. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांनी चार एंजल माशांसकट ती आमच्या गळ्यात मारली होती. मोठा भूकंप होऊन काही वर्षं लोटली, तरी बारीकसारीक हादरे चालूच असत आणि माझ्या बायकोचा डोळ्याला डोळा लागत नसे. मग तिच्या मनानं घेतलं, की जमीन हलायच्या आधी माशांना कळतं. ते चपटे मासे पाण्यात नुसते उभे असायचे. ते शांत दिसले की ती आडवी व्हायची आणि चक्क घोरायची. या शास्त्राला मी पुष्कळ हसलो, पण माझीही झोपमोड थांबली होती, म्हणून वाद घातला नाही.

पुढं वरिष्ठांच्या हातापाया पडून मी तिच्यासाठी कडेगावला बदली मागून घेतली. तिथं जमीन हलत नव्हती. नळाचं पाणी मात्र असं, की तूरडाळ शिजता शिजेना, साबणाला फेस येईना आणि तपेल्याला आतून पांढरा थर. थोड्याच दिवसांत दोन मासे उताणे झाले. बायको पेटीसमोर बसून राहायला लागली.

"आता कळायचं कसं?" एवढंच म्हणायची.

अगं, इथं कळण्यासारखं काही होतच नाही, हे सांगून सांगून मी थकलो.

पाणी उकळलं, गाळलं, कुणीतरी सांगितलं म्हणून त्यात लिंबूही पिळलं. लिंबानं तिसरा गेला. शेवटी बाटलीत पाणी भरून घेतलं आणि एस.टी.नं सांगली गाठली. मासे विकणाऱ्यानं पाण्यात कागदाची पट्टी बुडवली. ती निळसर हिरवी झाली.

"लय जड पाणी हाय तुमचं. पी.एच. चढलाय. एंजलला मऊ पाणी लागतंय. ह्यात गप्पी टिकतील, न्हाईतर मोली."

"शांत असतात का?" मी विचारलं.

"मासं हायत वो ते, म्हातारी माणसं न्हाईत."

"एका जागी उभा राहणारा एखादा नाही का?"

"हाय की. पर तो तुमच्या पाण्यात मरतोय."

मी गप्पी आणि मोली दोन्ही घेतले. घरी आलो तोवर चौथा एंजलही गेला होता. नवे मासे मात्र त्या पाण्यात असे रमले, की पिल्लांवर पिल्लं व्हायला लागली. आणि एकही क्षणभर स्वस्थ बसेना. सगळे दिवसभर सैरावैरा, या काचेवरून त्या काचेवर. ते उसळले की बायको हातातलं टाकून अंगणात पळायची. पेटी देऊन टाकू म्हटलं, तर ती रडायला लागली. तिचे डोळे खोल गेले, जेवण तुटलं. मला कीव यायची आणि संतापही यायचा, पण करायचं काय ते सुचत नव्हतं.

एकदा मला वाढता वाढता ती थांबली.

"आवं, परत कोयनंला जाऊया का?"

"अगं, तिथं भूकंप होतात."

"व्हय," ती म्हणाली, "पर होत नसला, तवा होत न्हाई म्हणून कळायचं तरी."