मामीच्या केसातला आकडा

माझा मामा गाडी आधी हाताने बघतो, मग कानाने, आणि अगदीच डोळ्यांवर वेळ आली तर मामीला हाक मारतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण नजर काही पूर्वीसारखी झाली नाही. गॅरेजात मात्र त्याला कुठलाही पाना मागा, न बघता हात बरोबर तिथे जातो. भिंतीवर प्रत्येक पान्याचा खिळा ठरलेला आहे. एकदा मामीने एक पाना भलत्याच खिळ्याला अडकवला, तर हा जेवतानाही तिच्याशी बोलला नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या हातून एका गाडीच्या ऑइलचं बूच सैल राहिलं आणि गाडीवाल्याच्या दारात तेलाचं तळं झालं. मामीने तेव्हाच बजावलं, "अहो, पुन्हा काही चुकलं ना, तर हत्यारं खाली ठेवायची आणि घरी बसायचं. लोक आपल्या भरवशावर ब्रेक दाबतात." मामा "बरं" म्हणाला. मला तिथेच धडकी भरली, कारण हा माणूस सहजासहजी बरं म्हणणाऱ्यातला नाही. घरी बसलेला मामा मला तर डोळ्यांसमोर आणताच येत नाही.

आणि त्यात माझी पिकअप. मी रोपवाटिकेची रोपं पोहोचवते. पुढचं डावं चाक चालताना घूं घूं घुमायला लागलं होतं, म्हणून मामाने ते चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग बदललं. घुमणं थांबलं, मी खुशीत निघाले, आणि चौक ओलांडते न ओलांडते तोच समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. एबीएसचा. म्हणजे ब्रेक लागतो, पण करकचून दाबला तर चाकं अडकून गाडी घसरू नये म्हणून जी यंत्रणा असते, तिने संप पुकारलेला. मी तणतणतच गाडी वळवली.

"मामा, नीट केलं एक आणि बिघडलं दुसरं," मी दारातूनच म्हणाले. बोलले आणि जीभ चावली, कारण मामी आतच होती. तिने मामाकडे बघितलं, मामाने भिंतीकडे.

मामीने गाडीतला बिघाड दाखवणारा स्कॅनर लावला. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, चाक किती वेगाने फिरतंय ते सांगणारा. मी अंगणात गाडी फिरवली आणि मामी स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसली. तीन चाकं आपापला वेग सांगत होती. पुढचं डावं ढिम्म, शून्य.

"सेन्सर गेला असेल. वस्तू आहे, जाते कधीतरी," मामी खाली उतरून म्हणाली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने मान डोलावली. मला तरी दुसरं काय हवं होतं? सेन्सर बदला, दिवा घालवा, मामा वाचला.

पण मामाला वाचायची घाई नव्हती. त्याने डाव्या चाकाचा सेन्सर काढला, पुसला आणि उजव्याचा तिथे लावला. मामीने पुन्हा बघितलं. शून्य डावीकडेच. म्हणजे सेन्सर ठणठणीत होता.

"वायर तुटली असेल," मामी म्हणाली.

मामाने अख्खी वायर बोटांनी चाचपली, मग मामीला मीटर लावायला सांगितला. वायरही धडधाकट निघाली. तो खोक्यावर बसला आणि फडक्याने हात पुसत राहिला, चांगले स्वच्छ झाले तरी.

"तुझ्या केसातला एक आकडा दे," तो मामीला म्हणाला.

"कशाला?"

"दे तर."

सेन्सर बसतो त्या भोकातून त्याने आकडा आत घातला आणि बेअरिंगला टेकवला. काढला. पुन्हा टेकवला. "या नव्या बेअरिंगला एका अंगाला चुंबक असतं," तो मला म्हणाला. "ते अंग सेन्सरकडे हवं. आकडा चिकटायला पाहिजे. चिकटत नाही. उलटं बसलंय, आणि बसवलंय मी."

मग तोच पुढे म्हणाला, "हाताला दोन्ही अंगं सारखीच लागतात. रंगात जरा फरक असतो. तो मला दिसला नाही."

मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी चिडते. "मग बोलून कशाला दाखवायचं? सेन्सर बदलला म्हणायचं आणि गुपचूप बेअरिंग सरळ करायचं."

"आणि पुढच्या गाडीला?" मामा म्हणाला.

काढताना ते बेअरिंग खराब झालंच, म्हणून नवं आणलं. मामाने ते आडवं धरून खालून आकडा टेकवला. एका अंगाला पडला, दुसऱ्या अंगाला हलकेच चिकटून राहिला. मामीने बॅटरीचा उजेड धरला होता. सगळं बसलं, मामीने स्कॅनरने बिघाडाची जुनी नोंद पुसली आणि मी मामाला शेजारी घेऊन निघाले. चौक गेला, दिवा लागला नाही. मोकळ्या रस्त्यावर मी ब्रेक करकचून दाबला. पायाखाली पेडल थरथरलं आणि गाडी नाकासमोर सरळ थांबली. मामाचा तळवा डॅशबोर्डवर होता. "झालं," तो म्हणाला, पण आनंदाने नाही.

परत आल्यावर त्याने एकेक पाना आपापल्या खिळ्याला लावला. एप्रन सोडला, घडी केली आणि मामीसमोर ठेवला. वर आकडा. "ठरलं होतं आपलं," तो म्हणाला. मी मामीकडे बघितलंच नाही, मला धीरच झाला नाही.

मामीने आकडा उचलला आणि त्याच्या शर्टाच्या खिशात घातला. "हा तुमच्याकडेच राहू द्या. बेअरिंग हातात घेतलं की आधी हा लावायचा. आणि एप्रन बांधा, क्लचच्या कामाला एक गाडी येईल आता."

"चुकलं होतं गं माझं."

"बूच सैल राहिलं तेव्हा मला गाडीवाल्याने सांगितलं," मामी म्हणाली. "आज तुम्ही सांगितलंत."

मामाने एप्रनच्या नाड्या बांधल्या. मग म्हणाला, "दुसरा आकडा लाव. केस डोळ्यांवर येतायत."

"ते मात्र बरोबर दिसतं तुम्हाला," मामी म्हणाली आणि तिने तोंड फिरवून डोळे पुसले.